कारवानी मंडळ आणि सुभद्राबाईंची पाखरी

सुभद्राबाईंना 'का' विचारायची खोड होती. कंपनीचा भोंगा सकाळी लांब आणि दुपारी तोकडा का वाजतो, चाकणचा कांदा डोळ्यांना जास्त का झोंबतो, देहूरोडच्या छावणीतली कुत्री शिट्टी वाजताच का बसतात, असं काहीही. त्यांचे यजमान उद्धवराव दिवसभर मशीनवर उभे राहून आलेले असायचे. ते म्हणायचे, "अगं, मला चहा का मिळत नाई, तेवढं आधी सांग."

हे जोडपं लातूरकडचं. १९६३ साली उद्धवराव आकुर्डीला कंपनीत लागले आणि पाठोपाठ बाई आल्या, बरोबर एक ट्रंक, ज्वारीचं पोतं आणि माहेरची कारवानी कुत्री घेऊन. कारवानी म्हणजे लांब तोंडाचं, उंच पायांचं, पोट पाठीला लागलेलं शिकारी कुत्रं. माळावर सशामागे सुटलं की क्षणात दिसेनासं होतं. चाळीत मात्र नुसतं दारात बसून असतं, बरगड्या दाखवत. शेजारच्या अंबूबाई मूळच्या मावळातल्या, मनाच्या मोठ्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मुक्या जनावराला उपाशी मारतीस व्हय गं?" आणि सुभद्राबाईंची पाठ वळताच कुत्रीला भाकरी घालायला गेल्या. कुत्रीने भाकरी हुंगलीही नाही. अंगावर हात येतोय म्हटल्यावर ती मागे सरली आणि तिने दात दाखवले. अंबूबाई भाकरी टाकून पळाल्या.

कारवानीचा स्वभावच तो. घरातला हात सोडून दुसरा हात अंगाला लागू द्यायचा नाही. चावरी नाही, भांडखोर नाही. फक्त हात नको. सुभद्राबाईंनी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, असं का? वडील म्हणाले होते, "असंच असतंय." या उत्तराने लेकीचं समाधान कधी झालं नाही.

पुढे कंपन्या वाढल्या, मराठवाड्यातून माणसं येत राहिली आणि त्यांच्या मागोमाग कारवानी कुत्रीही आली. कुणी तळवड्याच्या गोठ्यात बांधलं, कुणी चिंचवडला खोलीच्या दाराशी. लष्करातून निवृत्त होऊन देहूरोडला राहिलेले अण्णासाहेब या कुत्र्यांच्या प्रेमात पडले, आणि १९७० साली त्यांच्या पुढाकाराने 'कारवानी श्वान मंडळ' निघालं. अध्यक्ष अर्थातच अण्णासाहेब. सभा दर रविवारी उद्धवरावांच्या ओट्यावर, कारण चहा तिथे मिळायचा. सुभद्राबाईंना सभासद करून घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या कपबशा गोळा करता करता प्रश्न विचारायच्या आणि निम्मी सभा त्यांना उत्तरं देण्यात संपायची.

मंडळाचं पहिलं प्रदर्शन त्याच हिवाळ्यात, चाळीमागच्या मैदानावर भरलं. अण्णासाहेबांनी सगळ्यांना निरोप दिला होता, "कुत्री नीट तयार करून आणा." आता जनावराचं प्रदर्शन म्हटल्यावर या मंडळींना एकच प्रदर्शन ठाऊक, ते म्हणजे बैलांचं! कांदा बाजारात उतरवून रिकामा झालेला ट्रक मैदानाशी थांबला आणि त्यातून झुली पांघरलेली, गळ्यात घुंगुरमाळा घातलेली, पाठीवर गेरूचे ठसे उमटवलेली कुत्री उतरली. तळवड्याच्या सयाजीने तर आपलं पांढरं कुत्रं गुलालात नखशिखांत माखून आणलं होतं. शहरातल्या मोठ्या क्लबाचे परीक्षक मुद्दाम बोलावले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "रंग कोणता लिहू?" त्यांनी विचारलं. सयाजी छाती काढून म्हणाला, "लिवा की, गुलाबी!"

परीक्षक माणूस भला होता, पोट धरून हसला. पण पुढे जे झालं त्याला कुणीच हसलं नाही. अशा प्रदर्शनांची रीत ठरलेली: परीक्षकाने कुत्र्याचं तोंड उघडून दात पाहायचे, बरगड्या आणि पाठीचा कणा चाचपायचा. त्यांनी हात पुढे केला आणि एकूण एक कुत्र्याने गुरगुरून तो परत पाठवला. जाताना ते अण्णासाहेबांना म्हणाले, "जे तपासताच येत नाही त्याला शुद्ध म्हणू कसं? एक तरी कुत्रं माझ्या हाताखाली स्वस्थ उभं करून दाखवा. आमच्या प्रदर्शनात कारवानीला वेगळा वर्ग मिळवून द्यायचं माझ्याकडे लागलं. तोवर आमच्या लेखी ही गावठीच."

गावठी! हा शब्द मंडळाच्या जिव्हारी लागला. कंपनीत बोलण्यावरून, भाकरीवरून टिंगल व्हायचीच. निदान आपल्या कुत्र्याला तरी चार लोकांत मान मिळावा, एवढीच या माणसांची हौस होती. सुभद्राबाईंना तर हा सरळ माहेरचा अपमान वाटला. त्यांच्या दारात तेव्हा मूळ कुत्रीची नात होती, पाखरी. फिकट बदामी रंगाची, काळ्या डोळ्यांची, बाईंच्या पायात पाय घालून चालणारी. बाईंनी भर सभेत कपबशा खाली ठेवल्या आणि जाहीर केलं, "माझी पाखरी उभी राहील."

"कशी?" अण्णासाहेबांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसरं कुणीतरी बाईंना प्रश्न विचारत होतं, आणि त्या खूश झाल्या.

नळावर पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येक बाईने आधी पाखरीला हात लावायचा, असा त्यांनी नेम घातला. सुरुवातीला परक्या हातावर स्वतःचा हात ठेवून त्या तो पाठीवरून फिरवायच्या. मग आपला हात हळूच काढून घ्यायच्या. पाखरी थरथरायची, मान वळवून बाईंकडे बघायची. बाई म्हणायच्या, "उभी राहा गं, माझ्यासाठी," आणि ती उभी राहायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीतल्या बायका आल्या, तेव्हा कुत्रीला हात लावल्याशिवाय वाण मिळेना. "देवाला बी एवढं शिवत न्हाई आमी," अंबूबाई कुरकुरल्या. पण पाखरी त्यांच्या हातून दूधभाकरी खायला लागली तेव्हा याच अंबूबाई चाळभर सांगत सुटल्या. हळूहळू पोस्टमन, रद्दीवाला, दुसऱ्या पाळीचे कामगार, जो दिसेल त्याच्याकडे ती शेपटी हलवत जायला लागली. बाईंना त्याचा केवढा अभिमान!

१९७३ साली शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात पाखरी उभी राहिली. परीक्षकांनी दात पाहिले, कणा चाचपला, मागचे पाय उचलून पाहिले. ती हलली नाही. कारवानीला वेगळा वर्ग मिळाला. ट्रकमधून येताना मंडळाने एवढा आरडाओरडा केला की रस्त्यातली माणसं निवडणूक कोण जिंकलं म्हणून विचारत होती. सुभद्राबाईंना त्या रविवारी रीतसर सभासद करून घेतलं. पुढच्या वर्षी पाखरीला पिल्लं झाली. त्यातली एक मादी सयाजी घेऊन गेला. तिला माणसात आणायचा नेम काही त्याच्या आळशी हातून झाला नाही. ती तळवड्याच्या शेतात तशीच वाढली.

आणि मग एका दुपारी सुभद्राबाई दळण घेऊन आल्या तर दारात पाखरी नव्हती. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. अंबूबाई नळावर होत्या.

"तुमचा त्यो क्लबवाला घेऊन गेला न्हवं?" त्या म्हणाल्या.

"कोन क्लबवाला?"

"आता मला काय ठावं? आला, अंगावरनं हात फिरवला, दोरी लावली नि चालला. मला वाटलं, तुमच्यातलाच हाय."

सुभद्राबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला. "भुंकली नाई?"

"न्हाई बाई."

"गुरगुरली बी नाई?"

अंबूबाईंना आता कळलं होतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेपूट हालवीत गेली गं."

मंडळाने जमेल तिथे शोध घेतला. चाकणच्या बाजारात विचारलं, ट्रकवाल्यांना सांगून ठेवलं, अण्णासाहेब स्वतः सायकलवर लोणावळ्यापर्यंत जाऊन आले. पाखरी मिळाली नाही. सुभद्राबाई सभेला चहा करायच्या, पण प्रश्न विचारायच्या बंद झाल्या. उद्धवरावांना इतक्या वर्षांत प्रथमच घर खायला उठलं. एकदा ते स्वतःच म्हणाले, "अगं, भोंगा आज उशिरा का वाजला, इचार की." बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

बोलल्या त्या पुढच्या प्रदर्शनाच्या सभेत. नव्या सभासदांना कुत्री 'हाताला लावायचा' धडा सुभद्राबाईंनी द्यावा, असा विषय निघाला. त्या ओट्याच्या कडेला उभ्या होत्या.

"मी शिकवनार नाई," त्या म्हणाल्या. "आता मला वाटतंय ते सांगते. खरं-खोटं देव जाणे. ही कुत्री तांड्यांबरोबर फिरनारी. रोज नवं गाव, रोज नवे हात. जी ज्याच्या-त्याच्या हाताला भुलली ती वाटेत ऱ्हायली. जिनं परका हात लावू दिला नाई, तीच मालकाबरोबर पुढं गेली. तिचीच पिल्लं आपल्या दारात आली. आन् मी काय केलं? मान मिळावा म्हनून तिला घर विसरायला शिकवलं." त्या अण्णासाहेबांकडे वळल्या. "आपल्या प्रदर्शनात परीक्षकानं हात लावायचा नाई. दात मालकानं दाखवावे. चालत असंल तर भरवा."

अण्णासाहेबांची पंचाईत झाली. शहरातल्या क्लबाला हे पटणं शक्य नव्हतं, आणि मोठ्या कष्टाने मिळवलेला वर्ग जाणार होता. तसं त्यांनी सभेत बोलूनही दाखवलं. त्यांचंही म्हणणं चूक नव्हतं. पण समोर पाखरीची रिकामी जागा होती. हात वर झाले, नियम मंजूर झाला. वर्ग गेला, परीक्षक यायचे बंद झाले. मंडळाचं प्रदर्शन मात्र मैदानावर इमारती उठेपर्यंत, म्हणजे ऐंशीच्या पुढेही दोन-तीन वर्षं, दर हिवाळ्यात भरत राहिलं. लांबून बघायचं, पळवून बघायचं, मालकाने कुत्र्याचं तोंड उघडून दाखवायचं. हात कुणी लावायचा नाही.

नव्या नियमाच्या पहिल्या वर्षी अण्णासाहेबच परीक्षक झाले आणि पहिला क्रमांक सयाजीच्या कुत्रीला मिळाला. पाखरीचीच लेक. तोच फिकट बदामी रंग, तेच काळे डोळे. प्रदर्शन संपल्यावर सयाजी तिला घेऊन बायकांच्या रांगेपाशी आला, जिथे सुभद्राबाई एकट्याच बसल्या होत्या. कुत्रीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचा जीव नुसता वितळला. हात उचलला गेला, आणि मध्येच थांबला.

"मावशी, फिरवा की हात," सयाजी म्हणाला. "मी तोंड धरतो तिचं. तुमच्या पाखरीची लेक हाय, तुमचीच की."

"नको बाबा," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी तिला परकीच हाय."

ट्रक निघेपर्यंत त्या तिच्याकडे बघत बसल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून.