तिसऱ्या परमिट रूमसमोर

पिणाऱ्या लोकांकडे किस्से फार असतात, असा एक गैरसमज आहे. साफ खोटं! पिणाऱ्याला आदल्या दिवशीचं काही आठवत नाही, जे काय आठवतं ते बायकोला. स्वतःचे किस्से साठायला लागतात ते सोडल्यावर. माझ्याकडे आता इतके झालेत, की कुणी ऐकायला बसलं की मी आधी चहा टाकतो.

*

पहिला पत्त्याचा. मी नौपाड्यात राहतो. बायकोने कुठून तरी दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपचा नंबर मिळवला आणि फोन लावून थेट माझ्या कानाला लावला. पलीकडे अप्पा होते. रिटायर्ड मास्तर, ग्रुपमधले सगळ्यात जुने.

"रविवारी कोपरीत मीटिंग असते. कल्याणलाही एक ग्रुप आहे, गुरुवारी, पण तो वेगळा. कोपरीला यायचं तर स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरा. पहिली परमिट रूम सोडा, दुसरी सोडा, तिसरीच्या समोर शाळा. वरचा हॉल."

मी म्हटलं, "अप्पा, पहिल्या दोन सोडता आल्या असत्या तर फोन कशाला केला असता?"

अप्पा म्हणाले, "बायकोला घेऊन या."

ती होती म्हणून पोचलो.

*

पुढे सुनीलने मुद्दा काढला. सुनील डोंबिवलीचा, इन्शुरन्स विकतो, बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. "आपण दारू सोडा म्हणतो आणि पत्ता बारचा देतो. शोभतं का?"

सगळ्यांना पटलं. ठरलं, यापुढे खूण दत्तमंदिराची सांगायची.

पुढच्या रविवारी एकही नवा माणूस नाही. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, "साहेब, कधीपासून फिरतोय, दत्तमंदिर काय सापडत नाय. जवळपास एखादा बार सांगा ना, लगेच येतो!"

अप्पांनी निमूटपणे जुना पत्ता सांगितला.

*

आमच्याकडे पद्धत अशी, की बोलणाऱ्याने उभं राहून सांगायचं, "माझं नाव अमुक, मी बेवडा आहे." बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "नमस्कार, अमुक!" याची इतकी सवय लागते, की विचारू नका.

अप्पांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. नवे सेक्रेटरी उभे राहिले. "माझं नाव देशपांडे..."

अप्पा खणखणीत आवाजात, "नमस्कार, देशपांडे!"

त्या सभेत हा उत्साह बघून अप्पांना समितीवर घेतलं. अजून सुटका नाही.

*

मग आले मधूशेठ. डोंबिवलीजवळच्या गावचे आगरी. शेतावर टॉवर उभे राहिले, हातात पैसा आला आणि पैशाबरोबर बाटली. खरं तर त्यांना कल्याणचा गुरुवारचा ग्रुप जवळ, पण "तिकरं सोयरे लय" म्हणून ते कोपरीपर्यंत यायचे.

त्यांच्या सायलीचं लग्न ठरलं होतं. तिने बजावलं होतं, "पप्पा, माझ्या हळदीला एक घोट जरी घेतलात ना, तर मी कोर्टात जाऊन लग्न करेन. तुम्हाला बोलावणारसुद्धा नाही."

मधूशेठ रडकुंडीला आले होते. "आमच्यात हलदीला दारूला नाय बोललेला माणूस मी अजून बघला नाय!"

म्हणून आम्ही रिहर्सल ठेवली. सुनील झाला मेहुणा, हातात कोकम सरबत. मधूशेठ "नको" म्हणत राहिले. पण सुनील रंगात आला. "अरे, पोरीची हळद आहे! परत येणार आहे का हा दिवस? माझ्यासाठी एकच!"

मागून अप्पांचा आवाज आला, "बरं, अर्धाच भर."

रिहर्सल तिथेच थांबवली आणि सगळ्यांना चहा दिला.

*

हळदीला आम्ही सगळे गेलो. मधूशेठना मध्ये बसवलं आणि भोवती खुर्च्या टाकल्या. चखणा आला की आम्ही संपवायचो. बँजो जोरात, मांडवभर तोच ओळखीचा वास. मला स्वतःचीच भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

खरा मेहुणा बाळाराम भरलेला ग्लास घेऊन पुन्हा पुन्हा यायचा. मधूशेठनी ॲसिडिटी सांगितली, गोळ्या चालू आहेत म्हणाले, उपास काढला. शेवटी बाळारामने ग्लास त्यांच्या ओठांजवळ धरला. "भावोजी, पोरीचा मामा हाय मी! माजी शपत हाय तुमाला!"

समोर पाटावर सायली. अंगभर हळद, नजर बापावर.

मधूशेठ उठले. त्यांनी बँजोवाल्याचा माइक ओढून घेतला. वाजवणारे थांबले.

"माझं नाव मधू. मी बेवडा हाय."

आणि आम्ही सवयीने, एका सुरात, "नमस्कार, मधू!"

पण सगळ्यात मोठा आवाज आमच्यातला नव्हताच. तो बाळारामचा होता. ग्लास अजून तसाच हातात, भरलेला.

त्याची बायको हळूच म्हणाली, "अवं, तुमी त दर गुरुवारी किरकेट खेलाला जाता ना?"