काचेवरचं भाग्य

लुआन उस्ताद चिडले की त्यांच्या रागावर अर्धं शहर उजळेल, असं आम्ही चीनमधल्या दालियन बंदरातल्या या वीजसाठवण केंद्रात म्हणतो. त्या सकाळी तर अख्खं बंदर उजळलं असतं.

दुपारी दोनला रुग्णालयाची मुख्य तार बदलायची होती. तेवढा वेळ तिथल्या शस्त्रक्रिया आमच्या टाक्यांतल्या द्रवावर चालणार होत्या. वीज भरलेली असली की हा द्रव जांभळा दिसतो, संपली की हिरवा. नळीवरच्या काचेतून उस्ताद तो रोज बघतात. नेमक्या त्याच काचेवर नव्या तेंग साहेबांनी नववर्षाचा लाल कागद चिकटवला होता. त्यावरचं भाग्याचं अक्षर रीतीप्रमाणे उलटं; चिनीत 'उलटं' आणि 'आलं' यांचा उच्चार सारखाच, म्हणजे भाग्य घरी आलं!

"साहेब, भाग्याला बसायला दुसरी जागा मिळाली नाही?"

"उस्ताद, पडद्यावर वीज ऐंशी टक्के भरलेली दिसतेय की. काच कशाला बघायची?"

"तीन दिवस ऐंशीच दिसतंय! घड्याळ बारावर बंद पडलं, तर दिवसभर जेवतच बसाल का?"

"सणाचा कागद काढू नका हो, अपशकुन होईल!"

उस्तादांनी तो नखानं अलगद सोलला. आत हिरवंगार.

"पोट उघडलेला माणूस टेबलावर असता, तर त्याला काय हे अक्षर दाखवणार होतात?" असं ओरडतच त्यांनी रुग्णालयाला फोन लावला आणि तारेचं काम पुढे ढकलायला लावलं.

मग तो कागद त्यांनी साहेबांच्या पडद्यावर, बरोबर त्या ऐंशीवर थापला. तोही उलटाच.