प्रश्न उद्भवत नाही

मी वनरक्षक आहे. माहेर सायखेड्याचं, गोदावरीकाठच्या सपाट काळ्या रानातलं. डोंगर आम्ही लांबूनच बघायचो. नोकरीची पहिली नेमणूक मिळाली पेठकडच्या डोंगरात, तेव्हा धावड्याचं झाड कुठलं आणि ऐनाचं कुठलं हेसुद्धा मला कळत नव्हतं.

ते मावशीने शिकवलं. मावशी म्हणजे जंगलाला लागून असलेल्या पाड्यावरची एक कोकणा आदिवासी बाई, पन्नाशी ओलांडलेली, काटक. दर उन्हाळ्यात आमचं खातं वणव्यावर लक्ष ठेवायला चार-पाच हंगामी माणसं घ्यायचं, फायर वॉचर म्हणून. त्यात ती वर्षानुवर्षं असायची. धूर दिसला की तो चुलीचा की रानाचा, हे ती रंगावरून सांगायची. थंडीत आम्ही जाळरेषा काढायचो. म्हणजे डोंगराच्या अंगावर रस्त्याएवढा रुंद पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापायचं, ते आपल्या देखरेखीखाली जाळून टाकायचं. पुढे मार्चमध्ये वणवा आलाच, तर त्या उघड्या पट्ट्यापाशी येऊन त्याला खायला काही उरत नाही. साधं काम आहे. माणसं लागतात, कोयते लागतात आणि ते वेळेवर व्हावं लागतं.

त्या वर्षी ते झालं नाही.

आदल्या मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मंजूर झाला आणि वनसंरक्षणाच्या तरतुदीला मोठी कात्री लागली. रस्त्यासाठी वा कारखान्यासाठी जंगलाची जमीन दिली की तिच्या बदल्यात जमा होणारा पैसा जंगलावरच खर्च करावा, असं बंधन तोवर होतं. अर्थसंकल्पासोबत एक छोटी दुरुस्ती आली आणि तो पैसा ‘इतर लोकोपयोगी कामांसाठी’ वळवायची मुभा मिळाली. चर्चा झाली नाही. आवाजी मतदान झालं. मी ती बातमी नाशिकला सीबीएसच्या स्टँडवर बसची वाट बघत वाचली होती आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं, हे कबूल करते. दुरुस्ती म्हणजे काहीतरी दुरुस्त होणार, असं वाटतं माणसाला.

कळलं डिसेंबरात. जाळरेषांचं पत्र आलं, त्यात एकच ओळ कामाची होती : ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करावी.’ निधी उपलब्ध नव्हता. हंगामी माणसांना मंजुरी नव्हती. माझ्याकडे होता दोन-अडीच तास चढावा लागणारा डोंगर, मी आणि माझी शिट्टी.

मावशी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. “बाई, औंदा बोलावलं नाय आमाला?”

मी पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, “मग डोंगराला कळवलंय का? औंदा जळू नको म्हणून?”

मी हसले. नंतर त्या हसण्याची मला फार लाज वाटली.

मार्चमध्ये अधिवेशन चालू असतानाच वणवा लागला. भर दुपार होती. घाटरस्त्याच्या वळणावर सहलीच्या गाड्या थांबतात, तिथून धूर उठताना मी स्वतः पाहिला. फोन केले. साहेब, म्हणजे आमचे वनपरिक्षेत्र अधिकारी, नाशिकला बैठकीत होते. मी हिरवी फांदी तोडली आणि ज्वाळा झोडपायला लागले. एकटीने वणवा झोडपणं म्हणजे पदराने पूर अडवणं. दहा मिनिटांत फांदी करपली, मी दुसरी तोडली.

तेवढ्यात वरून मावशी उतरताना दिसली. मागे पाड्यावरच्या सहा-सात बाया, हातात फांद्या आणि ओली गोणपाटं. कुणीही त्यांना बोलावलं नव्हतं. त्या डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर पाडा पाणी पितो, हेच त्यांचं बोलावणं. मावशीने वाऱ्याकडे तोंड केलं आणि मला ओरडली, “तिकडून नको! खालून दाबत चल!” आम्ही तासभर दाबत गेलो. जाळरेषा असायला हवी होती त्या जागी पोचलो. तिथे कमरेएवढं वाळलेलं गवत उभं होतं. मावशी कोयत्याने तेच कापायला लागली. वारा फिरला. ज्वाळा भस्सकन तिच्या बाजूला आली, ती मागे सरली, पाय घसरला आणि उजव्या हातावर पडली. जळत्या ओंडक्यावर.

ती ओरडली नाही. पहिलं वाक्य बोलली ते, “कोयता राह्यला माझा.”

झरा वाचला. त्याच्या वरचा निम्मा डोंगर काळा झाला. मावशीला झोळीत घालून रस्त्यावर आणलं. नाशिकच्या मार्केटला भाजी घेऊन निघालेला एक पिकअपवाला थांबला. कोबीच्या गोण्यांवर तिला निजवून आम्ही सिव्हिल हॉस्पिटल गाठलं. वाटभर मी तिच्या हातावर पाणी ओतत होते आणि ती मला सांगत होती, “सगळं नको ओतू, तू पण पी.”

दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढलेला जळत्या डोंगराचा फोटो पेपरात आला. एका आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकला. तो वरून खाली, मोबाईलवरून मोबाईलवर घरंगळत माझ्यापर्यंत आला : माहिती आज चारच्या आत द्यावी. वणवा लागला हे खरे आहे काय? जाळरेषा काढल्या नव्हत्या हे खरे आहे काय? त्यात एक महिला कर्मचारी भाजली हे खरे आहे काय? असल्यास, तिला कोणती मदत दिली?

मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून खरं तेच लिहिलं आणि पाठवलं. अर्ध्या तासात साहेबांचा फोन.

“हे काय लिहिलंय? निधी नव्हता म्हणून जाळरेषा नाहीत? असं लिहितात का सभागृहात?”

“सर, सभागृहानेच निधी कापलाय. त्यांना माहीत असेलच.”

“शहाणपणा नको. आग पाड्यावरच्या मोहफुलं वेचणाऱ्यांनी लावली असं लिहा.”

“सर, मी पाहिलंय. आग रस्त्यावरून लागली.”

साहेबांचा आवाज खाली आला. “बाई, मला तरी हौस आहे का? वरून मसुदाच आलाय. आणि ती बाई कर्मचारी कुठे आहे? हजेरीपत्रकावर नाव आहे तिचं?”

नव्हतं. मंजुरीच नव्हती, तर नाव कुठून असणार?

छापील उत्तर मी नंतर हॉस्पिटलमध्येच वाचलं. वणवा : हे अंशतः खरे आहे. जाळरेषा : निधीच्या उपलब्धतेनुसार कामे करण्यात आली आहेत. महिला कर्मचारी भाजली : हे खरे नाही. कोणती मदत दिली : प्रश्न उद्भवत नाही.

शेजारच्या कॉटवर मावशीची पट्टी बदलत होते. पट्टीला चिकटून कातडी निघत होती. आणि प्रश्न उद्भवत नव्हता. त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. उतरावी अशी इच्छाही नाही. खोटं बोलणाऱ्याचा राग येतो, पण तो ओळखीचा असतो. हे लोक खोटं बोललेही नव्हते. आधी तिचं नाव काढून टाकलं आणि मग नाव नाही म्हणून सांगितलं.

मावशी दीड महिन्याने घरी गेली. उजव्या हाताची तीन बोटं आखडून एकमेकांना चिकटली. पाड्यावर ग्रामसभा झाली. वणवा कुठून लागला, कोण विझवायला गेलं, कोण भाजलं, सगळं नावानिशी ठरावात लिहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. सरकारी नोकराने अशी सही करायची नसते, असं कारणे दाखवा नोटिशीतून कळलं.

त्याच सभेत मी आणखी एक गोष्ट केली. त्याबद्दल माझा राग स्वतःवरच आहे. मी म्हटलं, यंदाही पैसे येणार नाहीत, तर आपणच श्रमदानाने जाळरेषा काढू. लोक लगेच तयार झाले. थंडीत सगळा पाडा आला. मावशी डाव्या हाताने कोयता चालवत होती. पट्टा इतका स्वच्छ निघाला की साहेब मुद्दाम बघायला आले, फोटो काढले, ‘फार छान’ म्हणाले. त्या उन्हाळ्यात आमचा डोंगर जळला नाही.

पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात त्या कामाच्या तरतुदीपुढे काहीच उरलं नाही. खालच्या टिपणीत कारण होतं : सदर कामे लोकसहभागातून होत असल्याने निधीची आवश्यकता नाही. सोबत उदाहरण म्हणून आमच्या पाड्याचा फोटो. त्यात पाठमोरी, डाव्या हातात कोयता धरलेली मावशी होती. अखेर ती सरकारी कागदावर आली होती, बिननावाची.

मी धावत पाड्यावर गेले आणि सगळं सांगितलं. म्हणाले, “मावशी, पुढच्या वर्षी एक काडीही कापू नका. जळू दे. बघू दे त्यांना.”

ती भाकरी थापत होती. बोटं आखडलेल्या हाताच्या कडेने तिने परातीतलं पीठ पुढे ओढलं. “तू रागावलीस ते बरं झालं,” ती म्हणाली. “पन झरा आमचा हाय, त्यांचा नाय. आमी कापनार. तू तिकडं भांड.”

मग मी तिकडे भांडायचं ठरवलं. दरवर्षी आमच्याकडून मागणीचा तक्ता भरून घेतात. त्यात शेवटी अभिप्रायाचा रकाना असतो, तो सगळे कोरा सोडतात. मी त्यात लिहिलं : ‘गरीब माणसं फुकट राबतात म्हणून त्यांचा निधी बंद करणे ही चोरी आहे. या कामात भाजलेल्या महिलेस अद्याप मदत मिळालेली नाही.’ खाली मावशीचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.

तक्ता आठ दिवसांनी परत आला. ‘चोरी’ या शब्दाखाली लाल रेघ आणि शेरा : योग्य शासकीय भाषा वापरून फेरसादर करावे. त्याच पाकिटात माझी मनमाडकडे बदली केल्याचा आदेश होता.

मी तक्ता दुसऱ्या कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवला. ‘चोरी’ हा शब्द तसाच ठेवला आणि सही करून, बदलीच्या ठिकाणी निघण्याआधी, पुन्हा पाठवून दिला.