विनुताच्या नावावरची ओळ

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या वसुमतीबाईंना आयुष्यात कुणापुढं मान खाली घालावी लागली नव्हती. तीस वर्षं तंत्रनिकेतनात संगणक शिकवला, मानानं निवृत्त झाल्या. त्यानंतरही रोज पूजा आटोपली, कापी म्हणजे कॉफी झाली, की लॅपटॉप उघडून बसायच्या. तुंबी नावाची एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा होती. तुंबी म्हणजे तमिळमध्ये चतुर, तो पाण्यावर भिरभिरणारा किडा. त्या भाषेत लोक जे लिहितात ते ओळीओळीनं वाचून यंत्राकडून करवून घेतो तो इंटरप्रिटर, आणि त्याच्या पोटातली डागडुजी बाई करत. पगार नाही. देशोदेशीची वीस-बावीस माणसं मिळून ते काम बघत, आणि त्यांत बाईंचा शब्द शेवटचा.

"म्हणजे घर दुसऱ्याचं आणि गटार उपसायचं तू," त्यांचे यजमान सीतारामराव म्हणत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"मग तुम्ही चाळीस वर्षं कालव्यावर दुसरं काय केलंत?" बाई विचारत.

तर झालं असं, की आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढाच्या सुमारास, एका सोमवारी भातावर संशोधन करणाऱ्या एका माणसाचं पत्र आलं. शेतातल्या ओलाव्याच्या दहा महिन्यांच्या नोंदी त्यानं तुंबीत क्रमानं लावल्या होत्या. हजारात एखादा आकडा भलताच येत होता. आता सगळ्या हंगामाचं काम पुन्हा करावं लागणार म्हणाला. दोष कुठल्या ओळीत आहे ते तासाभरात सापडलं. या कामात प्रत्येक ओळीसमोर शेवटी कुणाचा हात लागला त्याचं नाव दिसतं. त्या ओळीसमोर नाव होतं विनुताचं.

विनुता तिरुवैयारूजवळच्या खेड्यातली, आपल्याच मराठी घरातली. दोन वर्षं बाईंच्या हाताखाली शिकत होती. पुढच्या आठवड्यात तिला किल्ली मिळायची होती, म्हणजे कुणाला न विचारता स्वतःचे बदल आत घालायचा अधिकार. चेन्नईचा मुरलीकृष्ण या मंडळींचा कारभार पाही. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, "विनुता, समजल्याशिवाय हात लावायचा नसतो. किल्लीचं आता पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी ती ओळ पाहिली आणि आपलं अक्षर ओळखावं तशी ओळखली.

यंत्रातली जागा मोजकी असते. म्हणून प्रत्येक वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याची मोजणी इंटरप्रिटर ठेवतो. कुणीच धरली नसेल, तर तिची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. यादी क्रमानं लावताना एखादी वस्तू क्षणभर कुणाच्याच हातात नसते. तेवढ्यात ती जाऊ नये म्हणून पूर्वी तिथं दोन ओळींची सावधगिरी होती. सहा वर्षांपूर्वी बाईंनीच ती काढून टाकली आणि खालची ओळ फिरवून लिहिली. काम आठ टक्के जलद झालं. त्यापायी चेन्नईच्या संमेलनात त्यांच्या खांद्यावर शाल पडली होती.

आणि विनुतानं काय केलं होतं? मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, बाईंच्याच सांगण्यावरून त्या फाइलीतल्या चार हजार ओळींचे समास, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, तेवढे सरळ केले होते. ओळ बाईंची, शेवटचा हात तिचा.

बाईंनी सोमवारी काही लिहिलं नाही. म्हटलं, आधी नीट खात्री करून घेऊ. खरं तर खात्री पहिल्या नजरेतच झाली होती. मंगळवारी वाटलं, दुरुस्ती करून टाकली की झालं, नाव कुणाचं का असेना. बुधवारी प्रदोष होता. देवळात जाऊन हात जोडले, पण मागायला काही सुचेना. मागितलं असतं तर एवढंच मागितलं असतं, की कुणाला कळू नये. देवापुढं उभं राहून आपल्या मनात हे आलं, याची त्यांना इतकी लाज वाटली की प्रदक्षिणा न घालताच त्या घरी आल्या.

दाराशी विनुताची मोपेड उभी. पोरीचा चेहरा उतरलेला.

"अक्का, चाळीस वेळा वाचूनशान बघितलं. मी काय मोडलं ते मज दिसतच नाही. समास सोडून कशालाच हात नाही लावला. चूक कुठं ते तुम्हीच शिकवा. तोवर मी काही लिहिणार नाही."

सीतारामराव कापीचा तुंबलर तिच्यापुढं ठेवत म्हणाले, "बरोब्बर माणसाकडं आलीस. हिच्या हातून एकच चूक झालेली मी पाहिली, ती म्हणजे मला होकार दिला."

विनुता हसली. सांगायचं ते बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण पोर इतक्या विश्वासानं बघत होती की बाई फक्त म्हणाल्या, "बघते हो."

ती गेली तशी त्या लॅपटॉपपाशी बसल्या. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, निदान लिहिण्याचं तरी व्हावं. सगळ्यांसमोर लिहिलं, 'ही चूक विनुताची नाही. माझी आहे.'

आता लोक रागावतील म्हणून त्या वाट बघत बसल्या. तर झालं उलटंच. कुणी हात जोडल्याची चित्रं पाठवली, कुणी फुलं. मुरलीकृष्णनं लिहिलं, "अम्मा, शिष्याचा दोष अंगावर घेणारे गुरू आता कुठं मिळतात!" आणि खाली विनुताचं, "अक्का, माझ्यासाठी असं करू नका."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटेपणानं जे मिळालं नसतं ते खऱ्यानं पदरात पडत होतं, आणि तेही फुकटचं. आपलीच चूक आपली आहे हे आता पुराव्यानं सिद्ध करायची वेळ आली.

त्यांनी सहा वर्षांपूर्वीची नोंद उकरून काढली. तारीख होती, नाव होतं, आणि त्यांचीच टीप: 'या दोन ओळींची गरज नाही. उगाच भीती. काढल्या.' ती जशीच्या तशी सगळ्यांसमोर ठेवली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. ओळ कुणाची ते नोंदीत राहतं, पण तीन दिवस गप्प कोण बसलं ते कुठल्याच नोंदीत नसतं. बाईंनी बोटं वर उचलली, परत ठेवली आणि लिहिलं, 'हे मला सोमवारी सकाळीच कळलं होतं. विनुताला बोललं जात होतं तेव्हा मी वाचत होते. आज ती माझ्या घरी आली, तेव्हाही बोलले नाही. किल्ली तिला ठरल्या दिवशी द्यावी.'

या वेळी फुलं आली नाहीत. मुरलीकृष्णचं एका शब्दाचं उत्तर आलं, "ठीक."

"काय झालं?" सीतारामरावांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. ते थट्टा करतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "पोरीला कापी देताना मी काय बोलून बसलो!" आणि आत गेले.

विनुताला किल्ली मिळाली. त्या दिवसापासून ती बाईंना अक्का म्हणेना, मॅडम म्हणू लागली. मोपेड दाराशी आली नाही. बाईंनी दोन ओळींची सावधगिरी परत लिहिली आणि या वेळी स्वतःची किल्ली न वापरता तपासायला पाठवली. तपासणं विनुताकडं आलं. तिनं ते नाकारून परत धाडलं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही चूक पुन्हा झाली तर पकडणारी चाचणी यात नाही. ती लिहून पाठवा."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि चाचणी लिहायला बसल्या.