फ्लॉप्यांचं डिस्पॅच

माझी पहिली नोकरी उल्हासनगर कॅम्प पाचला, लेस आणि बटणांच्या एका होलसेल दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, जो सुरू झाला की बोलणं थांबवावं लागायचं. मालक सिंधी. आधी ते कॉम्प्युटरचा कागद विकायचे, दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्यांचा. कागद घेणाऱ्या एका कारखान्याने त्यांना विचारलं, की कागद देता तसा प्रोग्रॅमही द्याल का. ते हो म्हणून बसले. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग प्रोग्रॅम लिहिणारी माणसं शोधायला निघाले, आणि त्यात त्यांना मी सापडले.

मी बदलापूरची. वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. आमच्या घरात ऑफिस म्हणजे गेट, वॉचमन आणि कँटीन असलेली जागा. वडील पहिल्या दिवशी मला सोडायला आले, लाकडी जिना चढून वर आले, दोन्ही खोल्या बघितल्या आणि जाताना एवढंच म्हणाले, "वर्षभर बघ. शिकायला मिळालं तर राहा."

आमचा प्रोग्रॅम कारखान्यात कुठली बॅच कधी काढली, तिच्यात काय किती घातलं, याची नोंद ठेवायचा. मूळ प्रोग्रॅम एकच, पण प्रत्येक पार्टीसाठी त्यात थोडा फरक. अंबरनाथच्या केमिकलवाल्यांना एक छापील नमुना लागे, तर कॅम्प पाचमध्ये जीन्स धुऊन रंगवणाऱ्यांना दुसरा. कुणाचा प्रिंटर रुंद, कुणाचा अरुंद. कुणाकडे नव्या छोट्या फ्लॉप्या चालत, कुणाकडे अजून जुन्या मोठ्या, वाकणाऱ्या. प्रोग्रॅम बदलला की प्रत्येक पार्टीसाठी तिच्या तिच्या फायली निवडून फ्लॉप्यांवर उतरवायच्या आणि तो संच कारखान्यात पोचवायचा. फायली मी उतरवायची. पोचवायचं काम काकांचं.

काका पन्नाशी ओलांडलेले. अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं डिस्पॅच क्लार्क होते, म्हणजे तयार माल बाहेर पाठवायच्या खात्यात. तो कारखाना बंद पडला. आमचे मालक तिथे कागद द्यायचे. एकदा चुकून दोन खोकी जास्त गेली होती, ती काकांनी न मागता परत पाठवली होती. मालकांनी ते लक्षात ठेवलं आणि कारखान्याला कुलूप लागल्यावर त्यांना बोलावून घेतलं. काका फ्लॉप्यांवर सुंदर अक्षरात लेबलं लिहायचे, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत संच बांधायचे आणि रिक्षाने जाऊन देऊन यायचे. मला ते मॅडम म्हणायचे. कॉम्प्युटरला त्यांनी वर्षभरात बोट लावलं नव्हतं.

एके सकाळी मी पोचले तेव्हा मालक फोनवर होते. नुसतं "हां साईं, हां साईं" चाललं होतं. फोन ठेवून त्यांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं. आदल्या दिवशी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात गेलेल्या संचात दुसऱ्याच कारखान्याची फाईल निघाली होती. आणि ती साधीसुधी नव्हती. त्यात त्या दुसऱ्या कारखान्याच्या बॅचची कृती होती, काय किती घालायचं त्याचं माप. ज्यांच्याकडे संच गेला तिथले साहेब भले, म्हणून त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

मालक काकांकडे बघत होते. "लेबल आपका, पॅकिंग आपका. आप इतने पुराने आदमी, और ऐसा माल गया?"

काका खाली बघून उभे राहिले. मला आठवतंय, माझे कान गरम झाले होते. आदल्या दुपारी चार पार्ट्यांचे संच मीच घाईघाईत बनवले होते, आणि एका पार्टीच्या डिरेक्टरीतून, म्हणजे फायलींच्या कप्प्यातून, दुसरीच्या कप्प्यात जायचं विसरले होते. हे काकांना कळणं शक्यच नव्हतं. फ्लॉप्या बाहेरून सगळ्या सारख्या.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "फायली मी उतरवल्या. काकांना आत काय आहे ते दिसत नाही."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "ये फिर नहीं होना चाहिए बेटा," एवढंच म्हणाले आणि स्वतःच त्या कारखान्यात माफी मागायला निघून गेले.

मी जाग्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने काका चहाचे दोन कप घेऊन आले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, एक विचारू? यादी कुठाय?"

"कसली यादी?"

"कुठल्या पार्टीला काय काय जायचं त्याची. आमच्याकडे पॅकिंग लिस्टशिवाय गेटातनं टाचणी जात नव्हती. माल भरणारा एक, यादी धरणारा दुसरा. तुम्हीच भरताय, तुम्हीच बघताय, आणि यादी सगळी डोक्यात."

खरं होतं. सोळा पार्ट्यांची यादी माझ्या डोक्यात होती, आणि डोकं दुपारी जड व्हायचं.

तेव्हा आम्ही मेक नावाचं एक टूल वापरायचो. कुठल्या फायलींपासून कुठली फाईल बनते ते त्याला एकदा लिहून दिलं, की जेवढं बदललंय तेवढंच ते पुन्हा बनवतं. मूळ फाईल तयार फाईलपेक्षा नवी दिसली तर काम करायचं, नाहीतर सोडून द्यायचं, असा त्याचा हिशेब. पण त्याची धाव प्रोग्रॅम तयार होण्यापर्यंतच होती. तयार झालेलं फ्लॉपीवर भरायचं, कुणाला काय द्यायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मात्र त्याला आपले नियम जोडता यायचे, आणि त्या नियमातून आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवता यायचा. मी ठरवलं, मेकला पॅकिंग शिकवायचं. त्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला मी पुरवणी म्हणायला लागले. परीक्षेत मूळ पेपर भरला की पुरवणी जोडतात, तशी.

पॅकिंगचं मला काही येत नव्हतं. ते काकांना येत होतं. मग रोज जेवणानंतर अर्धा तास ते सांगायचे आणि मी वहीत लिहून घ्यायची.

पहिला नियम, प्रत्येक पार्टीची यादी वेगळी, आणि यादीत नाही ते डब्यात नाही. दुसरा, एक वस्तू दोन डब्यांत फोडायची वेळ आली तर दोन्ही डब्यांवर तसं लिहायचं, दोनपैकी एक, दोनपैकी दोन. मोठ्या फायली एका फ्लॉपीत मावत नसत, तेव्हा त्या कशा तोडायच्या हे मला यातून सुचलं. मी विचारलं, फ्लॉप्या कमीत कमी लागतील असं भरू का? काका म्हणाले, "तसं नका करू. जे आधी लागतं ते पहिल्या डब्यात. माणूस पहिला डबा उघडतो आणि वरचं आधी काढतो. जागा वाचवायला गेलात तर तो शोधत बसेल." माझ्या पुस्तकात बरोबर उलटं लिहिलं होतं. मी काकांचं ऐकलं. तिसरा नियम, भरलेला माल पुन्हा मोजायचा, आणि मोजताना यादी हातात घ्यायची, मनात नाही. म्हणून पुरवणी फ्लॉपीवर उतरवलेली प्रत्येक फाईल परत वाचायची, तिच्यातल्या सगळ्या अक्षरांच्या आकड्यांची एक बेरीज करायची आणि मूळ फाईलच्या बेरजेशी ताडून बघायची. दोन्ही जुळल्या तरच पुढे.

हे लिहायला दीड-दोन महिने लागले. सकाळी पार्ट्यांची कामं, दुपारनंतर पुरवणी. मालक मधून मधून मागे येऊन उभे राहायचे. "कुछ दिखता तो नहीं," म्हणायचे. स्क्रीनवर खरंच काही दिसत नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी मी सोळाही पार्ट्यांची नावं दिली, एक आज्ञा टाइप केली आणि प्रोग्रॅम एकेक फ्लॉपी मागत गेला. "आता अमुक पार्टीची दुसरी फ्लॉपी घाला." मी घालत गेले. प्रिंटरने प्रत्येकाची यादी छापून दिली, खाली तारीख. जे काम मला दोन दिवस पुरायचं ते जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. मी इतकी खूश होते, की घरून आणलेला डबा काकांपुढे सरकवला आणि म्हटलं, आज तुम्ही सुरू करा.

काका जेवले नाहीत. याद्या वाचत होते. पाच-सहा वाचून झाल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, या याद्या माल एक जानेवारी ऐंशीचा म्हणतायत."

मी यादी घेतली. खरंच, खाली एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मग मला कळलं. दोन दिवस वीज सारखी जात होती, आणि माझ्या मशीनमधली घड्याळाची बॅटरी संपली होती. वीज आली की मशीनची तारीख उलटी फिरून ऐंशी सालात जायची. मेक तर तारखेवरच चालायचं. मी त्या दोन दिवसांत केलेल्या दुरुस्त्यांवर ऐंशी सालची तारीख पडली होती, म्हणून त्याने त्या जुन्या समजून सोडून दिल्या आणि मागचाच प्रोग्रॅम सगळ्यांच्या फ्लॉप्यांत भरला. माझी बेरीजही जुळली होती, कारण जुनी फाईल जुन्या फाईलशीच ताडली जात होती. सोळा संच, एकूण एक जुने. चकचकीत लेबलांसकट.

"गेटातनं बाहेर गेलेलं नाही ना?" काका म्हणाले. "मग काही झालेलं नाही. जेवून घ्या."

पुढच्या आठवड्यात मी पुरवणी बदलली. तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. मूळ फाईलची बेरीज मागच्या खेपेला काय होती ते लिहून ठेवायचं, आणि आज ती वेगळी आली तर फाईल बदलली असं धरायचं, घड्याळ काहीही म्हणो. आणि मशीनची तारीख मागच्या पाठवणीच्या आधीची निघाली तर कामच थांबवायचं. मालकांनी बॅटरीही आणून दिली, पण माझा बदल मी ठेवला.

पुरवणी आता नीट चालायला लागली. एका दुपारी काका लेबलं कापत होते. लेबलंही आता प्रिंटर छापायचा, त्यांच्या अक्षराची गरज उरली नव्हती. कापता कापता म्हणाले, "चांगलं झालं हे. आता मी काय करायचं?"

तक्रार नव्हती. खरंच विचारत होते. मी इतके दिवस त्यांच्याकडून एकेक नियम काढून घेत होते, आणि हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. घाबरून मी काहीतरी सुचवलं. म्हटलं, प्रोग्रॅममध्ये एक जागा ठेवते, तुम्ही बघून हो म्हटल्याशिवाय तो पुढे जाणार नाही.

"ते कामासाठी हवं असेल तर ठेवा," काका म्हणाले. "माझ्यासाठी असेल तर नको."

मी दोन दिवस विचार केला. ऐंशी सालची तारीख मशीनला खटकली नव्हती, मला खटकली नव्हती, त्यांना खटकली होती. ती जागा कामासाठीच हवी होती. मी ती ठेवली, आणि काकांना तसं सांगितलं. मग म्हटलं, पण त्यासाठी कीबोर्डवर बसावं लागेल.

पहिल्या दिवशी त्यांनी हात धुऊन, पुसून मग कीबोर्डला लावले. एका बोटाने टाइप करायचे. चुकलं की सगळं पुसून पहिल्यापासून. महिन्याभरात संपूर्ण पाठवणी तेच करायला लागले, मी फक्त प्रोग्रॅम लिहायची. पुढे ते यादीच्या फायलीही स्वतः बदलू लागले. नवी पार्टी आली की तिच्याकडे जाऊन कुठला प्रिंटर, कुठली फ्लॉपी, हे विचारून यायचे आणि यादीत लिहायचे. मग एकदा म्हणाले, "नुसतं देऊन येतो, तर ते लोक फ्लॉप्या कपाटात ठेवून देतात. त्यांच्या मशीनवर चढवूनच येऊ का?" त्यानंतर कारखान्यांत प्रोग्रॅम चढवायचं कामही त्यांच्याकडे गेलं. स्टोअरमधल्या माणसांना ते जे समजावायचे ते मला कधी जमलं नसतं. ते त्यांच्यातलेच होते.

त्या हिवाळ्यात बदलापूरच्या एका नव्या कारखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. घराजवळच होतं, परस्पर घरी जाता आलं असतं. सोनिवलीकडच्या कच्च्या रस्त्याने रिक्षा आदळत गेली. काका मांडीवर संच धरून बसले होते. कारखान्यातल्या तरुण सुपरवायझरने मला साधा नमस्कार केला आणि काकांसाठी खुर्ची ओढली. त्यांना तो इंजिनियर साहेब म्हणत होता. काकांनी त्याला दुरुस्त केलं.

"मी डिस्पॅचचा. प्रोग्रॅम या मॅडमचा."

मग खिशातून यादी काढली, पहिली फ्लॉपी घातली आणि त्याला म्हणाले, "तुम्ही यादी धरा. मी वाचतो, तुम्ही खूण करा."

सुपरवायझरने पेन काढलं. मी मागे स्टुलावर बसले. मला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते मला फार आवडलं.