साथ करणारा रंगराव

साखरखेर्ड्याच्या रंगरावाला देवानं गळा दिला तो रागाच्या भरात, बोटं मात्र गोड दिली. त्या बोटांनी जन्मभर पेटी वाजवली ती एकाच गळ्यामागं, बायकोच्या. मंजुळाबाई मोठी लहरी. भजनाची ओळ वाटेल तेवढी ताणायची, मधेच सोडायची, आणि हा बापडा मुकाट तिच्या मागं. संसारातही तेच, असं गाव म्हणायचं, आणि गाव काही खोटं बोलत नव्हतं.

ती गेली, आणि पाठोपाठ रंगरावाला लकवा मारून गेला. डावा हात लुळा पडला. भाता कोण ओढणार? पेटी माळ्यावर गेली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी जानेफळला दिलेली लेक संजीवनी नवऱ्याच्या बँडातला कीबोर्ड घेऊन आली. तिच्या पाठवणीला आईनं स्वतः रचलेली ओवी म्हटली होती. रडण्याच्या भरात हिच्या कानी चाल पडलीच नाही. मोबाइल समोर धरला की मंजुळाबाई गप्प व्हायची, त्यामुळे आवाज कुठे उरला नव्हता. चाल असलीच तर ती बापाजवळ.

कीबोर्डातला पेटीचा आवाज ऐकताच रंगरावाचे डोळे भरले. हा आवाज नको, म्हणाला. मग तिनं पियानोचा आवाज लावला. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, पियानोचा पट्टी दाबून धरली तरी विझत जायचा. त्याला ते सोसत नव्हतं, तरी तो रोज दुपारी एका हातानं वाजवत बसायचा.

श्राद्धाची पंगत उठली, माणसं पांगली, तेव्हा त्यानं फोटोपुढे वाजवलं. चार सूर यायचे, बोटं थांबायची, पुन्हा चार सूर.

"बाबा, हे तं मधलं हाय. आई दम घे तवा वाजवायचे तुमी, ते. ओवी कुठी हाय?"

रंगरावानं पट्ट्यांवरची बोटं उचलली.

"थे ओवी म्हने तवा मी बोटं उचलून घेत होतो. तिचा आवाज झाकू नये म्हणून. आयकतच राहो. मले वाटे, आयकलेलं कुठी जाते?"

नुसतं गुणगुणा, म्हणाली ती. त्यानं तोंड उघडलं, पण काही आलं नाही. चाल कधी गेली हे त्यालाही कळलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

संजीवनीनं डोळे पुसले आणि तेवढंच पुन्हा वाजवा म्हणाली. त्यानं वाजवलं. मंजुळाबाईनं जिथं ओळ उचलायची, तिथं दोघंही थांबले.