सगळं वाचलेले सदूकाका

माझे काका, सदानंद शिवलकर, जगातल्या बहुतेक माणसांना मूर्ख समजतात. वाईट हे की बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. वाडीत त्यांना सदूभाऊ म्हणतात, पाठीमागे ‘पुस्तकी सदू’. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नाही, कारण उलट काय ऐकावं लागेल याचा नेम नाही.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या वर आमची वाडी आहे. काका नववीत शाळा सोडून तिथून मुंबईला आणि मुंबईहून मालवाहू जहाजावर गेले. काम स्टुअर्डचं. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांच्या केबिनी झाडायच्या. बोटीवरून उतरणारी माणसं वाचून झालेली पुस्तकं एका कपाटात टाकून जात. काका त्या कपाटावर जगले. निवडायला वाव नव्हता, जे हाताला लागेल ते वाचायचं. एका सफरीत समुद्रपक्ष्यांवरचा जाडजूड ग्रंथ, दुसरीत शेवटची पानं फाटलेली मुलांची कादंबरी, मग कुठल्याशा बंदरात पाद्र्यानं वाटलेली प्रार्थनांची पुस्तकं, एका फकिराचं चरित्र, आणि कॉमिक्सचे गठ्ठे, निम्मी अशा भाषांत की नुसती चित्रं बघायची. इंग्रजी ते असंच शिकले, चुकत आणि कुणालाही न विचारता.

पण खरं वेड लागलं ते सरहद्दीच्या इतिहासाचं. कुठलीही सरहद्द चाले. अमेरिकेचा पश्चिम भाग, सायबेरिया, ऑस्ट्रेलियाचं रान. जिथे काही माणसं आधीपासून राहत असतात आणि दुसरी माणसं मोजणीची साखळी घेऊन येतात, तिथलं सगळं त्यांनी वाचून काढलं.

नोकरी संपल्यावर ते वाडीतल्या घरी येऊन राहिले. लग्न केलेलं नव्हतं. पडवीत लोखंडी रॅक ठोकले आणि बोटीवरून जमवून आणलेली पुस्तकं त्यांत कोंबली. संतचरित्रांच्या शेजारी कॉमिक्स, कॉमिक्सच्या शेजारी फुलपाखरं. माझी आई म्हणायची, “साठी उलटलेल्या माणसाला चित्रांची पुस्तकं शोभतात का?” माझ्या आईनं आयुष्यात रुखवताच्या पुस्तकापलीकडे काही उघडलेलं नाही, पण वाचनाबद्दल तिची मतं ठाम आहेत. आमच्या रत्नागिरीत हे सर्रास आढळतं.

मी रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजला शिकवते. काकांना चार वाचणारी माणसं भेटावीत म्हणून एकदा त्यांना शहरातल्या एका वाचनकट्ट्यावर घेऊन गेले. निवृत्त अधिकारी, दोन डॉक्टर, खादीचे झब्बे, हातमागाच्या साड्या. प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. त्या महिन्यात सगळे एकच जाड कादंबरी वाचत होते, कारण तिला कसलासा पुरस्कार मिळाला होता. ‘अस्वस्थ करणारं लेखन’ हे शब्द इतक्या वेळा आले की मला जांभई आवरेना.

“आणि आजोबा, तुम्ही?” संयोजकांनी विचारलं.

“एका मुलीची गोष्ट वाचतोय,” काका म्हणाले. “तिच्याकडे मगर राहायला येते.”

सगळे हसले. “नातवंडांना वाचून दाखवायला वाटतं?”

“नातवंडं नाहीत. मलाच वाचायची आहे.” काकांनी टेबलावरच्या पुस्तकांवरून नजर फिरवली. “तुम्ही सगळ्यांनी एकच पुस्तक आणलंय, आणि सगळ्यांची खूण पहिल्याच प्रकरणात आहे.”

कुणी ओशाळलं बिशाळलं नाही. संयोजकांनी चहा मागवला, समूहाचा फोटो काढला आणि आम्हाला परत बोलावलं नाही. एसटी स्टँडवर काका म्हणाले, “ही माणसं पुस्तकं पाळतात. कुत्री पाळावीत तशी.” मला ते पटलं. काका किती उद्धट बोलले हेही मला दिसत होतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मूर्खांशी उद्धटपणे वागलेलं बघायला बरं वाटतं.

पुढे अजिंक्य नावाचा जमिनीचा दलाल वाडीत आला तेव्हा त्या उद्धटपणाची किंमत कळली.

वाडीच्या डोक्यावर कातळाचा सडा आहे. शहरातून आलेल्याला तिथे नुसता काळा दगड दिसतो. पण पावसात त्या दगडावर गवत येतं, भाद्रपदात निळ्या-पिवळ्या फुलांची चादर पसरते, गुरं तिथेच चरतात. सडा ओलांडून पलीकडच्या घळीत एक झरा आहे, मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की बायका तिथून पाणी आणतात. अजिंक्यला हा सडा बंगल्यांच्या प्लॉटसाठी हवा होता, कारण वरून समुद्र दिसतो. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. पहिल्या फेरीत त्यानं देवळाला ध्वनिक्षेपक दिला. दुसऱ्या फेरीत घरटी पेढ्यांचा पुडा.

“आधी मोजणी करणारे येतात, मग भेटी देणारे, मग कुंपण,” काका मला फोनवर म्हणाले. “तीन खंडांत हेच झालंय. पेढ्यांच्या जागी मणी आणि आरसे, एवढाच फरक.”

देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक भरली. माझे बाबाही सड्यावरच्या जमिनीत हिस्सेदार असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर गेले होते. काका बोलायला उभे राहिले आणि सुरुवातीला फार चांगलं बोलले. जमीन विकली तरी आपल्याला तिच्यावरून चालता येईल, गुरं चारता येतील असं कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना वाटलं होतं, आणि मग पायवाटा कशा बंद झाल्या, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. म्हातारी माणसं माना हलवत होती.

तेवढ्यात नितेश बोलला. हा मुंबईत कुरिअर कंपनीत कामाला, बैठकीसाठी मुद्दाम रजा काढून आलेला. “काका, ते रेड इंडियन होते. आपण शिवलकर.”

हशा पिकला. काकांनीही हसायला हवं होतं. हसले असते तर बैठक त्यांची होती.

“त्यांना वाचता येत नव्हतं, हे निदान कारण तरी होतं,” काका म्हणाले. “तुम्हाला येतं, आणि तुम्ही दिवसभर मोबाईलवर नाचणाऱ्या बायका बघता. तुमच्या डोक्यात आणि ह्या कातळात फरक एवढाच, कातळावर पावसाळ्यात फुलं तरी येतात.”

कडेला बसलेल्या काशीनं, ती सुकी मासळी विकते, नवरा समुद्रात बुडून गेलेला, हळूच विचारलं, “सदूभाऊ, मग आमी काय करावं?”

सबंध बैठकीत तो एकच खरा प्रश्न होता. काका तिच्याकडे वळून म्हणाले, “तू गप्प बस. तुला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तुला काय सांगून कळणार?”

काशीनं पदर सावरला आणि ती खाली बघत बसली. महिन्याभरात सडा विकला गेला. सगळ्यात आधी सही केली नितेशनं. माझे बाबा दुसरे. आमच्या जमिनीची वाटणी आधीच झालेली होती, बाबांनी आपला हिस्सा दिला, काकांनी नकार दिला. त्यांचा तुकडा प्लॉटांच्या मधोमध बेटासारखा राहिला. बाबा त्यांच्याशी बोलेनासे झाले. भावानं आपल्याला मूर्ख म्हटलं याचा राग, असं ते सांगत. जमीन विकल्याची लाज लपवायला हा राग फार सोयीचा होता.

मग सड्याभोवती चिऱ्याची भिंत चढली. फाटक बसलं, फाटकावर रखवालदार. गुरं चारायला जागा राहिली नाही, तेव्हा एकेकानं ती विकून टाकली. मे महिना आला आणि बायकांना झऱ्यावर जायला डांबरी रस्त्यानं केवढा तरी वळसा पडू लागला.

“चाललंय पुस्तकाप्रमाणे,” काका फोनवर म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. मला त्यांची त्या दिवशी किळस आली. बायका उन्हात हंडे वाहतायत आणि हा माणूस पडवीत बसून आपण खरे ठरल्याचा आनंद चाखतोय. वाचनकट्ट्यावरची माणसं पुस्तकं पाळत होती. काका दुसऱ्यांच्या हालांवर आपली पुस्तकं तपासून बघत होते.

मी सुट्टीला वाडीत गेले त्याच आठवड्यात काशी काकांकडे आली. रिकामा हंडा कमरेवर घेऊन अंगणात उभी राहिली. पायरी चढली नाही.

“सदूभाऊ, तुमच्या पुस्तकातल्या त्या लोकांनी मग काय केलनी?”

“कुठल्या?”

“ज्यांच्या वाटा बंद झाल्या. पुढं काय केलनी?”

काका रॅककडे बघून म्हणाले, “ते पुस्तकांत फारसं नसतं.”

“मग कशाला वाचता ओ येवडं?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला वाटलं, आता काका तिला फाडून खाणार. पण ते काही बोलले नाहीत. नंतर मी कारण विचारलं तर म्हणाले, “हंडा रिकामा होता.” एवढंच.

त्या वेळी मात्र ते अंगणात उतरून म्हणाले, “माझा तुकडा भिंतीच्या आत आहे. मला माझ्या जमिनीत जायला अडवता येणार नाही. मी फाटकावर येतो. तुम्ही माझ्याबरोबर चला.”

“चला,” काशी म्हणाली. “पन तुमी बोलू नका.”

“का?”

“तुमी बोललात की मानसाला मुद्दाम उलटं करावंसं वाटतं. त्या बैठकीनंतर आमच्यातल्या कितीतरी जणांनी तुमच्यावरच्या रागानं सह्या केल्यान. माज्या दिरानं पन.”

जगभरच्या सरहद्दी वाचलेल्या माणसाला आपल्या वाडीतली ही गोष्ट ठाऊक नव्हती. ते आत जाऊन पाणी प्यायले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन फाटकावर जमल्या. मधोमध छत्री टेकून काका. रखवालदारानं अजिंक्यला फोन केला. तो रत्नागिरीहून गाडीनं येईपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. उतरल्या उतरल्या तो माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला, बहुधा तिथे माणसासारखी मीच एक दिसत होते म्हणून. क्लायंट, प्रायव्हसी, सिक्युरिटी. मी काशीकडे बोट दाखवलं.

“हे सदूभाऊ,” काशी म्हणाली. “ह्यांची जमीन आत हाय. ह्यांना सोडणार ना?”

“त्यांना सोडावंच लागेल. पण फक्त त्यांना.”

“ह्यांना आत पानी लागतं. आमी ह्यांचं पानी भरतो. सगळ्या.”

अजिंक्यनं हंड्यांच्या रांगेकडे पाहिलं. “एका माणसाला एवढं पाणी?”

“मोठा मानूस हाय. लय आंगोळ करतो.”

बायका खिदळल्या. रखवालदारानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. काकांची मान लाल झाली. मग अजिंक्यनं, धूर्तच तो, काकांना गाठलं. “काका, तुम्ही वाचन केलेले दिसता. तुम्ही तरी ह्यांना समजवा.”

काकांचा जबडा हलला. त्या गुळगुळीत माणसाला सोलून ठेवतील असे शब्द त्यांच्याजवळ तयार असणार, याबद्दल मला शंका नव्हती. ते छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम ते हेच.

त्या दिवशी अजिंक्यकडे पुण्याहून गिऱ्हाईक यायचं होतं, आणि फाटकावर बायकांचा घोळका त्याला परवडणारा नव्हता. त्यानं बाजूचं छोटं दार उघडायला सांगितलं. सकाळच्या वेळी ते तेव्हापासून उघडं असतं.

यात विजय वगैरे काही नाही. सडा गेला तो गेलाच, गुरंही गेली. भिंतीला एक दार आहे, आणि बंगलेवाल्यांची लहर फिरली की तेही बंद असतं. पण स्थानिक वर्तमानपत्रात फाटकावरच्या बायकांचा आणि काकांचा फोटो आला आणि माझे बाबा, जमीन विकणाऱ्यांतले दुसरे, ते कात्रण शेजाऱ्यांना दाखवत हिंडले. वाचनकट्ट्याच्या संयोजकांचा मला फोन आला. काकांना बोलवायचं होतं; वाचनातून घडलेला लढवय्या, असा विषय ठरवला होता.

“त्यांना सांग, वाचनामुळे सडा गेला,” काका म्हणाले. “दार काशीनं उघडलं. तिला बोलवा.”

मी तसं कळवलं. संयोजक म्हणाले, बघतो. ते अजून बघतायत.

काशी आता पाणी भरून परतताना पडवीत टेकते. एकदा तिनं एक कॉमिक सबंध उलटून बघितलं आणि विचारलं, “हे सगळे नुसते एकमेकांना मारतात. जेवतात कधी?” काकांनी हे मला दोनदा सांगितलं. बैठकीत तिला जे बोलले त्याबद्दल त्यांनी माफी मागितली का, ते मी विचारलेलं नाही. मागितली नसावी.

गेल्या महिन्यात खाडीपलीकडच्या एका वाडीत अजिंक्यचे पेढे पोचले. तिथल्या बैठकीला काशी गेली, आणि काकांना बरोबर घेऊन गेली. कुणीतरी विचारलं, आजोबांना काही बोलायचंय का. काशी म्हणाली, “नाय, ते ऐकायला आलेत.” काका शेवटपर्यंत मागे बसून राहिले.

परतीच्या थांब्यावरून त्यांनी मला फोन केला. काय ठरलं, मी विचारलं.

“निम्म्यांनी नाही म्हटलं,” ते म्हणाले. “बाकीचे गाढव आहेत.” आणि एसटी आली म्हणून त्यांनी फोन ठेवला.